लाल ठिपका

पर्सच्या आतल्या कप्प्यात मी एक लाल स्केचपेन ठेवायचे. बँकेत कुणी पाहिलं असतं तरी वावगं वाटलं नसतं. अधिकारी बाई आहेत, कागदांवर खुणा करायला लागत असेल. पण ते पेन मी बँकेत कधी उघडलं नाही. त्याचं काम घरी असायचं, रात्री साडेअकरानंतर, बाथरूमची कडी लावून.

पुण्याबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्या शहरात बऱ्याच भागांतला घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका उचलतात. ओला-सुका त्या हातानं निवडतात. त्यात वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे आले, की तेही त्यांच्या हाताला लागतात. म्हणून त्यांनी शहराला विनंती केली, की असलं काही टाकायचं असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की आम्ही पुडी उघडणार नाही, बाजूला काढू. इतकी साधी आणि रास्त मागणी. आमच्या सोसायटीच्या फलकावर तसा कागद लागला तेव्हा बहुतेकांनी तो वाचला आणि विसरले. मी दोनदा वाचला. कुणीही उघडणार नाही अशी पुडी! किती दिवस मी तेच शोधत होते.

त्या रात्रीपासून व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून टाकू लागले. नवरा त्याला हात लावणार नाही. सासूबाई लावणार नाहीत. मुलगा तर नजर वळवेल. कुणालाही कळणार नव्हतं. या ‘कुणाला’मध्ये कोण कोण येतं याची मनाशी मी पक्की मोजदाद केली होती. रोज सकाळी पावणेआठला बेल वाजवून ती पुडी स्वतःच्या हातानं उचलणाऱ्या मावशी त्या मोजदादीत नव्हत्या. त्यांना मी धरलंच नव्हतं.

दारूशी माझी गाठ उशिरा पडली. २०११ मध्ये प्रमोशन घेतलं आणि विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बदली झाली. बँकेतल्या कितीतरी बायका बदलीच्या धास्तीनं प्रमोशन नाकारतात. मी नाकारलं नाही, याचा मला अभिमान होता. एकटीची खोली, उन्हाळ्याच्या रात्री, आणि झोप येत नसे. एकदा शाखेची तपासणी पार पडल्यावर सहकाऱ्यांबरोबर जेवायला गेले, तिथे पहिल्यांदा घेतली आणि त्या रात्री गाढ झोपले. कारण विचाराल तर एवढंच. पुढे लोकांनी खोदून खोदून विचारलं, की काय दुःख होतं, घरी काय झालं होतं. मीही बरेच दिवस एखादं दुःख शोधत होते. सापडलं नाही.

२०१४ मध्ये पुण्यात परत आले तेव्हा घर भरलेलं होतं. नवरा, सासूबाई, दहावीतला मुलगा. पिणं बरोबर आलं होतं, आता त्याला लपायला जागा हवी होती. पुढची सात वर्षं पिण्यापेक्षा लपवण्यात माझा वेळ जास्त गेला. दारू मिनिटभरात पोटात जाते; पण ती आणायची कधी, ठेवायची कुठे, उघडायची कशी, तोंडाचं काय, बाटलीचं काय, यात दिवस जातो. मी नेहमी १८० मिलीची क्वार्टरच घ्यायचे. हिशेबानं ती महाग पडते, पण पर्समध्ये मावते. दुकानं तीन ठरलेली, तीन वेगवेगळ्या पेठांतली, एका दुकानात आठवड्यातून दोनदा जायचं नाही. दुचाकीवरच्या पुणेरी मुली तोंडाला गुंडाळतात तसा स्कार्फ मी चाळिशी उलटल्यावर गुंडाळायला लागले. ऊन फार लागतं, असं घरी सांगितलं होतं. झाकणाचं सील मोडताना कट्कन आवाज होतो, म्हणून आधी नळ सोडायचा. व्होडकाला वास नसतो असं सगळे म्हणतात म्हणून व्होडका. खरं तर रक्तातली दारू फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहते, मग ती कोणतीही असो; पण तेव्हा माझा भरवसा वेलदोड्यांवर होता. बोलताना मी तोंड किंचित बाजूला वळवू लागले. पाण्याची स्टीलची बाटली कायम माझ्याजवळ, आणि तिला कुणी हात लावला की मी चिडायचे. घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं: आईच्या बाटलीतलं पाणी प्यायचं नाही.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्यानं ती उघडतच नाही. जॉइंट कस्टडी म्हणतात त्याला. या बाबतीत मी शाखेत फार कडक होते. एका सहकाऱ्यानं घाईत आपली किल्ली दुसऱ्याच्या टेबलावर ठेवली म्हणून मी त्याला सर्वांसमोर बोलले होते. माझ्या कारकिर्दीत कॅश कधी एका रुपयानं कमी भरली नाही. आणि घरी आल्यावर दोन्ही किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा आकडा मी नंतर वाचला. १५ वर्षांवरच्या पुरुषांमध्ये १८.८ टक्के दारू पितात, बायकांमध्ये १.३ टक्के. त्या १.३ कडे मी बराच वेळ पाहत बसले. सर्वेक्षणाची बाई आमच्या दारात आली असती, सासूबाई आत देवाला फुलं वाहत असताना तिनं मला तो प्रश्न विचारला असता, तर मी काय उत्तर दिलं असतं? पुरुष चारचौघांत पितो आणि चारचौघांत पडतो. त्याला उचलायला, शिव्या द्यायला, भरती करायला कुणीतरी असतं. बाई स्वयंपाकघरात पिते आणि वर कूकरही लावते.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली. बँका चालूच होत्या, मी रोज जात होते. मे महिन्यात सरकारनं घरपोच दारूला परवानगी दिली, पण घरपोच म्हणजे घराच्या दारात. ते मला नकोच होतं. दुकानं उघडली तेव्हा मास्क लावून रांगेत उभी राहिले. त्या दिवसांत आमच्या जिन्यावर रोज वर येणारं बाहेरचं माणूस एकच होतं, कचऱ्याच्या मावशी. बाकी कुणी कुणाच्या दारात उभं राहत नव्हतं. त्या मात्र रोज सहाव्या मजल्यापर्यंत यायच्या आणि सोळा घरांचं उष्टं-खरकटं, वापरलेले मास्क, औषधांच्या पट्ट्या आणि माझ्या लाल ठिपक्याच्या पुड्या उचलून न्यायच्या.

२०२१ च्या गौरींना मुखवटा बसवताना माझे हात इतके थरथरले, की सासूबाईंनी तो माझ्या हातून काढून घेतला. म्हणाल्या, “साखर तपासून घे गं बाई.” मी हो म्हणाले आणि कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

दिवाळी झाली. नंतरच्या आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दारात मावशी होत्या, बरोबर त्यांची नात. बादल्या नात उचलत होती. मावशींच्या उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टी होती, आणि पट्टीवर वाळलेल्या रक्ताचा तपकिरी डाग. मी विचारलं, “काय हो झालं?” त्यांनी आत नजर टाकली. नवऱ्याच्या आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता, सासूबाई देवघरात होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “वहिनी, लाल ठिपक्यात काच नका घालू.”

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी डाव्या हातानं थांबवलं. “पॅड येवढं जड नसतं,” म्हणाल्या आणि बादली घेऊन उभ्या असलेल्या नातीला “चल” म्हणून खाली उतरल्या.

त्या पुडीत दोन बाटल्या होत्या. घाईत मी मध्ये कागद घातला नव्हता. त्या एकमेकींवर आपटून फुटल्या, आणि सुका कचरा पोत्यात दाबताना काच कागदातून त्यांच्या तळहातात गेली. महापालिकेच्या दवाखान्यात पाच टाके पडले. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी कळलं ते इतकंच, की ही बाई माझं सगळं जाणते, आणि आजचं नाही, कधीपासूनचं. माझी पन्नाशी जवळ आली होती. महिन्यातल्या चार दिवसांऐवजी दर दोन दिवसांनी माझ्या घरातून लाल ठिपका खाली जात होता. वजनानं, संख्येनं, काचेच्या किणकिणीनं त्यांना समजत असणार. मी जिच्यापासून काही लपवायचा विचारही केला नव्हता, तिच्यासमोर माझं घर तीन वर्षं उघडं पडलेलं होतं. आणि नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या दिवशी आवाज तिनं खाली आणला.

तीन दिवस मी त्या पट्टीकडे पाहत होते. डोळे मिटले तरी ती दिसायची. तिसऱ्या रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं, मला दारू सुटत नाहीये. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला वाटलं होतं तुला काहीतरी मोठा आजार आहे आणि तू सांगत नाहीयेस.”

मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातल्या पाच आठवड्यांबद्दल इथे फार लिहीत नाही. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ते घर मराठी माणसाला ठाऊक आहे. बायकांसाठीही तिथे सोय आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. आधी मी स्वतःच्या मनानं दोनदा सोडून पाहिली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या थरथरीला घाबरून परत घेतली होती. रोज पिणारं माणूस एकदम थांबलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, आणि म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं, हे तिथे समजलं. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये मी घरी आले. त्याच महिन्यात, २७ तारखेला, अनिल अवचट गेले. माझी त्यांची भेट झाली नव्हती. त्या दिवशी आमच्या गटातल्या एका बाईचा फोन आला आणि आम्ही दोघी फोनवर काही न बोलता थांबलो.

दारू थांबली होती. लपवणं थांबलं नव्हतं, आणि ते मला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्या कानात शिरलं नव्हतं. गोळी घ्यायला मी बाथरूममध्ये जायचे आणि नळ सोडायचे. पाकिटातून गोळी काढायला नळ कशाला हवा? हात आपोआप जायचा. नवऱ्यानं “अगं” म्हटलं, की वाक्य पुरं व्हायच्या आत “काही नाही” म्हणायचे. एटीएममधून सुट्टे पाचशे काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवायचे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या संध्याकाळच्या सभेला जाऊन यायचे आणि घरी सांगायचे, मंडईत गेले होते. ज्यांनी मला गाडी काढून मुक्तांगणात नेऊन सोडलं त्यांनाच मी सभेबद्दल खोटं सांगत होते, आणि खात्री पटावी म्हणून येताना मेथीची जुडी आणत होते! पावलं वाजली की छातीत धस्स व्हायचं. नवरा दारातून आत येताना माझ्या जरा जास्तच जवळून जायचा, श्वास घ्यायचा. ते मला लागायचं, पण मी तोंड फिरवून उभी राहायचे, पूर्वीसारखीच. वेलदोडे पर्समध्ये होतेच. स्टीलच्या बाटलीला कुणी हात लावला, की अजूनही माझा आवाज चढायचा. तिच्यात साधं पाणी होतं.

आणि चार बाटल्या.

मी केंद्रात होते तेव्हा नवऱ्यानं घर धुंडाळलं होतं. त्याला सात सापडल्या, काही रिकाम्या, काही भरलेल्या. परत आले त्या दिवशी त्यानं विचारलं, “अजून आहेत?” मी म्हणाले, “नाहीत.” होत्या. एक गव्हाच्या कोठीच्या तळाशी. एक माळ्यावरच्या पॅडच्या पाकिटात. एक हार्मोनियमच्या पेटीत, मुलानं शिकायचं सोडल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. आणि एक सासूबाईंच्या ट्रंकेत, त्यांच्या लग्नातल्या पैठणीच्या घडीत. मला त्या प्यायच्या नव्हत्या, देवाशप्पथ नव्हत्या. पण त्या कुठे आहेत हे फक्त मला माहीत आहे, ही गोष्ट मला सोडवत नव्हती. रात्री झोप येत नसे तेव्हा मी त्या चार जागा मनात मोजायचे. पहिल्या महिन्यात झोप विस्कटलेली असते, तशी माझीही होती.

पहिल्या दिवसांत गोडाचीही विलक्षण ओढ लागते. दारूतून मिळणारी ऊर्जा बंद झालेली असते, शरीर साखर मागतं. सभेतले जुने लोक खिशात गोळ्या-चॉकलेट ठेवतात आणि नवीन माणसाला देतात. फेब्रुवारीतल्या एका रात्री मी चॉकलेटचा मोठा बार घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली, नळ सोडला आणि उभ्या उभ्या सगळा खाल्ला. वेष्टन वर्तमानपत्रात गुंडाळलं. पेन काढलं. ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

सकाळी मावशी आल्या. मी परतल्यापासून आम्ही एकमेकींशी कचऱ्यापलीकडे बोललो नव्हतो. मी रजेवर होते ते त्यांना माहीत होतं; कुठे होते ते त्यांनी विचारलं नव्हतं. पट्टी गेली होती, तळहातावर गुलाबी, वाकडी वळी राहिली होती. त्यांनी पुडी उचलली, तळहातावर जरा तोलली आणि माझ्याकडे पाहिलं.

“आज हलकं हाय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “बरं हाय ना?”

माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी ती पुडी त्यांच्या हातातून घेतली आणि तिथेच, दारात, उघडली. चांदीचा कागद खाली पडला. मावशींनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

“हे तर च्वाकलेट,” त्या म्हणाल्या. “मग हे लपवायचं कशापायी?”

खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं होतं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी सभेत मी पहिल्यांदा हे बोलले. चार बाटल्यांचंही सांगितलं. सभेनंतर एका ज्येष्ठ सभासद बाईंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी व्यवहाराचं सांगितलं: एकटीनं काढायला जाऊ नकोस, हातात बाटली असताना घरात दुसरं माणूस हवं, ओतायचं काम तू करू नकोस, वास तुला सोसणार नाही, आणि सगळ्या आजच काढ, एकही उद्यासाठी ठेवू नकोस. मी घरी आले आणि मंडईत गेले नव्हते, इथून सुरुवात केली.

कोठीतली निघाली. माळ्यावरची निघाली. हार्मोनियमच्या पेटीतली निघाली. प्रत्येक वेळी नवरा बाटली घेऊन मोरीत जायचा आणि मी गॅलरीत उभी राहायचे, नळाचा आवाज येईपर्यंत. चौथ्या जागेशी मी अडले. सासूबाईंना बोलवावं लागणार होतं, ट्रंकेची किल्ली त्यांच्या पोथीत असते. त्या आल्या, गुडघे धरत खाली बसल्या, स्वतः ट्रंक उघडली. पैठणीची घडी मी उलगडली. आत क्वार्टर होती, भरलेली, सील न मोडलेली. नवरा पलंगाच्या कडेवर बसला. आधीच्या दहा बाटल्यांना तो असा बसला नव्हता. ‘आईच्या साडीत?’ असं त्यानं विचारलं नाही, पण मला ते ऐकू आलं. सासूबाईंनी साडी हातात घेतली, नाकाशी धरली, डांबराच्या गोळ्यांचा वास घेतला आणि म्हणाल्या, “साडीला काही झालेलं नाही.” परत घडी घातली. मग मला म्हणाल्या, “गौरीच्या दिवशी मी तुला साखर तपास म्हणाले होते.” एवढंच. त्यांचा आवाज मला अजून येतो, आणि त्यांच्याशी माझं जे देणं आहे त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

सकाळी चार रिकाम्या बाटल्या कापडी पिशवीत घालून, पिशवीचं तोंड उघडं ठेवून, मी बेलच्या आधी दारात उभी होते. मावशींनी पिशवीत पाहिलं, एक-दोन-तीन-चार मोजल्या. “काच येगळी दिली की बरं पडतं,” म्हणाल्या. मी पाकीट पुढे केलं. त्यात पाच हजार होते. त्या पायरीवर बसल्या, नोटा मोजल्या आणि बोटांवर हिशेब केला: औषधाचे, रिक्षाचे, आणि चार दिवस हात चालला नाही त्यातले दोन दिवस नात आली होती, म्हणून खाडा दोनच दिवसांचा. बाराशे घेतले. उरलेले पाकिटात घालून माझ्या हातात ठेवले.

“राहू द्या हो मावशी.”

“न्हाई. वरचं घेतलं तर उद्या मला बोलायला यायचं न्हाई.”

बँकेत माझी आयुष्यभर कॅश टॅली झाली होती. आता समोरची बाई टॅली करून उठली होती, आणि मी पाकीट हातात धरून उभी होते.

त्यांच्याबद्दल मला पुढे हळूहळू कळत गेलं, तेही त्यांनी सांगितलं तेवढंच. बहात्तरच्या दुष्काळात आईबापांबरोबर मराठवाड्यातून पुण्यात आल्या, तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. पोत्यात कागद वेचण्यापासून सुरुवात. १९९३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी बाबा आढावांच्या पाठबळावर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हा त्या पहिल्या मोर्चांना गेल्या होत्या. ओळखपत्र गळ्यात आलं, तेव्हापासून पोलीस चोर म्हणून अडवेनासे झाले, असं त्या म्हणतात. नवरा देशी पिऊन गेला. “तो लपवत न्हवता,” एकदा त्या म्हणाल्या. “त्याचं सगळ्या वस्तीला ठाव होतं. तुमचं बघून मला वाटायचं, ह्या बाईला कुनीच न्हाई का?” मी म्हटलं, तुम्ही आधी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, “काम जाईल म्हनून.” मग जरा वेळानं, “आन् तुमी ऐकलं नसतं.”

तीन वर्षं त्यांनी माझं गुपित सांभाळलं ते दयेपोटी, असं मी मनाशी सजवून ठेवलं होतं. त्यात त्यांच्या पोटाचीही भीती होती. आणि ती भीती असतानाही, हाताला टाके पडल्यावर, त्या माझ्या दारात बोलल्या. मी तक्रार केली असती तर सोसायटीनं कुणाचं ऐकलं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन या गावी दोन पिणाऱ्या माणसांनी सुरू केली, एक शेअरबाजारातला आणि एक सर्जन. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी आठव्या पायरीला, आपण ज्यांना ज्यांना इजा केली त्यांची यादी करायची असते. नवव्या पायरीला शक्य तिथे भरपाई करायची, पण त्या भरपाईनं कुणाला आणखी इजा होणार नसेल तरच. मी वर्षभरानं त्या यादीला बसले. नवरा, मुलगा, सासूबाई, शाखेतला तो किल्लीवाला सहकारी, अशी नावं मनात आधीपासून होती. पण वहीत पहिली ओळ मी मावशींची लिहिली. बाकी साऱ्यांच्या इजा मला शब्दांत मांडाव्या लागणार होत्या. त्यांची तळहातावर दिसत होती, गुलाबी, वाकडी, अंगठ्याच्या मुळाशी.

भरपाई म्हणून काय करू, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी डोळे बारीक करून जरा विचार केला आणि सोसायटीचा जिना दाखवला. “सगळ्यास्नी सांगा, काच येगळी ठेवायची. मी सांगितलं तर ऐकत न्हाईत.” मी सोळा घरांत गेले. फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वेगळी द्यायची, पाकिटावर ‘काच’ असं लिहायचं. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, तुम्हाला हे अचानक कसं सुचलं? मी श्वास घेतला आणि सांगितलं: माझ्या दारूच्या बाटल्यांनी मावशींचा हात कापला. त्यांच्या बायको मागे उभ्या होत्या. त्या दार लावून घेतील असं वाटलं. त्यांनी मला आत बोलावलं आणि पाणी दिलं. दोन दिवसांनी रात्री त्यांचा फोन आला. त्या काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही.

सवयी एकदम जात नाहीत. आजही गोळी घेताना हात नळाकडे जातो, मी तो मागे घेते. “काही नाही” तोंडात येतं, मी थांबून जे असेल ते सांगते, मग ते “आज प्यावीशी वाटली” असलं तरी. लाल पेन मी मुलाच्या जुन्या कंपासपेटीत टाकलं.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. मावशी दुपारी आल्या, सकाळी त्यांच्या वस्तीत पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणून उशीर झालेला. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी पाणी मागितलं. आमच्याकडे त्यांच्यासाठी एक वेगळा पेला दाराजवळच्या फळीवर असायचा, सासूबाईंच्या वेळेपासून. तो आहे हेसुद्धा माझ्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. त्या दिवशी तो घासायला गेला होता. माझ्या हातात माझी स्टीलची बाटली होती.

मी ती पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

“वरून पिते,” त्या म्हणाल्या.

“तोंड लावून प्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मग पायरीवर बसल्या, दोन्ही हातांनी बाटली धरली आणि तोंड लावून घटाघटा प्यायल्या, अर्धीअधिक. पदरानं तोंड पुसलं, बाटली नाकाशी नेली.

“झाकनाला वास येतोय,” म्हणाल्या. “रबर काढून घासा.”

बाटली माझ्या हातात देऊन त्या उठल्या, बादली उचलली आणि शेजारची बेल वाजवली.